न विचारता कापलेली लिली

माजिवड्याच्या घरामागच्या अंगणात ॲडेलिननं चार वर्षांपूर्वी लाल लिलीचे पराग पांढरीच्या फुलाला लावले होते. बोंड फुटलं तेव्हा काळ्या, कागदासारख्या पातळ बिया निघाल्या. त्यांतून गवताच्या काडीएवढी पाती, मग लसणीएवढे कंद. दर पावसाळ्यात कंद कुजू नयेत म्हणून ती कुंड्या पत्र्याखाली ओढायची. यंदा एका कुंडीतून पहिल्यांदाच कळ्यांचा दांडा वर आला. फूल कोणत्या रंगाचं निघणार, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती बाजारातून आली, तर दांडा बुडापासून कापलेला.

"स्वीडलनं चर्चला नेला," धाकटा भाऊ पायस मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "वेदीला फुलं कमी पडत होती. दुसरा येईल की."

"पुढच्या वर्षी. आला तर."

"देवासाठीच गेला ना, बाय?"

ॲडेलिननं हातातली पिशवी तिथंच टाकली आणि आल्या पावली चर्चकडे निघाली.

पायसची बायको स्वीडल वेदीपुढे ग्लॅडिओला लावत होती. मधोमध तो दांडा. उकाड्यानं त्यातली एक कळी उमलली होती. फिकट पोपटी पाकळ्या आणि कडेनं डाळिंबी रेघ. स्वतःचं फूल ॲडेलिन आत्ता पाहत होती, आणि तेही इतर सगळ्यांचं बघून झाल्यावर.

"काय मस्त दिसतंय ना, बाय? सगळे विचारतायत," स्वीडल म्हणाली.

ॲडेलिननं दांडा उपसला. पाणी वेदीच्या पांढऱ्या कापडावर सांडलं.

"देवाला दिलेलं कोण परत घेतं का?"

"मी दिलं नव्हतं. चोरून आणलेलं देवाला चालतं का, ते फादरना विचार."

"एका फुलासाठी एवढं?"

"चार वर्षांत त्या कुंडीला तू तांब्याभर पाणी घातलंयस? कापायला बरी सापडली."

पुढच्या बाकावरच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. ॲडेलिन दांडा घेऊन कुणाकडे न बघता बाहेर पडली.

ईस्टरच्या जेवणाला ती बसली नाही. पायस ताट घेऊन खोलीत आला. "स्वीडल सॉरी म्हणतेय."

"तिला तोंड आहे. तिनं येऊन म्हणावं."

स्वीडल आली नाही. सोमवारी ॲडेलिननं अंगणाच्या दाराला कुलूप ठोकलं.

"अंगण माझंही आहे," पायस चिडून म्हणाला.

"आहे ना. कुंड्या माझ्या आहेत. काही हवं असेल तर हाक मार, मी उघडून देईन."

किल्ली तिनं गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत ओवली आणि कापलेल्या बुंध्याभोवतीची माती हलक्या हातानं भुसभुशीत करायला बसली.