बघणाऱ्याची लाज

तोंडात टाचण्या धरून टेलरबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि समोर उभ्या मुलीच्या स्कर्टची किनार मुडपत होत्या. तेवढ्यात त्या मुलीची मैत्रीण दारातून म्हणाली,

"काकू, आज मिळेल ना हो?"

मैत्रीण म्हणजे बाईंच्याच पोटची पोर.

बाईंचा हात थबकला. टाचणी मात्र सरळच बसली. या धंद्याचं एक बरं असतं. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला शिव्या देता येत नाहीत.

लेकीनं डोळ्यांनीच गयावया केली. मग तिची नजर मशीनमागच्या खिळ्यावर गेली. सकाळी विसरलेली घराची किल्ली तिथं लटकत होती, आणि घराला कुलूप होतं. हिशेब साधा होता: 'आई' अशी एक हाक मारली की किल्ली मिळणार, पण मैत्रिणीसमोर पत जाणार.

स्कर्टवालीनं फोन पुढे केला. "काकू, या तुम्हीच ना?"

फोनमध्ये बाई कमरेवर हात ठेवून, गळ्यातला टेप उडवत गात होत्या: 'कापड तुमचं, माप आमचं, बसलं नाही तर पाप आमचं!'

"रागावू नका हं, पण जरा क्रिंज आहे."

"जरा? भयंकर क्रिंज," लेक म्हणाली आणि मैत्रिणीपेक्षा मोठ्यानं हसली.

तो व्हिडिओ तिनंच काढला होता. 'मस्त गं आई, अजून ठसक्यात,' म्हणत तीन-तीनदा गायला लावलं होतं.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीत खोचल्या. शेवटची जरा जास्तच आत गेली.

"ते क्रिंज म्हणजे काय गं? आम्हा अडाण्यांना सांग तरी."

स्कर्टवाली विचारात पडली. "म्हणजे बघा, करणाऱ्याला काहीच वाटत नाही. बघणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"करणारा खुशाल दात काढत असतो?"

"हां, तेच!"

"अस्सं." बाईंनी लेकीकडे पाहिलं, माप घेताना पाहतात तसं, खांद्यापासून पावलांपर्यंत. "मग मला आत्ता होतंय, ते क्रिंजच."

स्कर्टवाली खिदळली. लेकीनं मान खाली घातली.

स्कर्टवाली पडद्यामागे जाऊन कपडे बदलून आली. बाईंनी तिथल्या तिथं टीप मारून स्कर्ट हातात दिला. स्कर्टवाली पायरी उतरून लेकीकडे वळली. "चल ना."

"तू हो पुढे. आलेच मी."

"थांबते की. मला कुठं घाई आहे?"

लेक मशीनपाशी आली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "आई, किल्ली दे ना."

बाईंनी दुसरं कापड सुईखाली सरकवलं आणि पायडल दाबलं.

"मशीन चालू आहे, ताई. जरा मोठ्यानं बोला."