नारळातले केस

नारळ फुटला आणि आतून पाणी आलंच नाही, केस आले. काळेभोर, हातभर लांब, कुंकवात लडबडलेले. मल्लिकार्जुन काकांच्या अंगणात दीडदोनशे माणसं जमली होती. मग कुणीतरी किंचाळलं, मागे सरकताना दोन बायका एकमेकींच्या पायावर पडल्या आणि गौरम्मा आज्जी मटकन खाली बसल्या.

"अय्यो शिवने! माझ्या नातीचं केस गं हे!"

खोटं कशाला सांगू, मीही आज्जींच्या मागे दडले. मी चेतना, मंद्रूपच्या शाळेत दहावीला. विज्ञानात वर्गात पहिली. तरी दडले!

आज्जींची नात म्हणजे मेंढरं पाळणाऱ्या मल्लिकार्जुन काकांची लेक सुकन्या. माझ्याच बाकावर बसते. दिवाळीनंतर तिच्या डोक्यावर चट्टे दिसायला लागले. आधी रुपयाएवढा एक, मग तळहाताएवढे दोन. उशीवर केस, वहीत केस, दप्तराच्या तळाशी केस. "हिच्यावर भानामती केलीय कुणीतरी," हे वर्गात सगळ्यात आधी कोण म्हणालं? मीच. मधल्या सुट्टीत डबा खाताना, गंमत म्हणून. चार दिवसांत ती गंमत आठवडी बाजारातून फिरून सुकन्याच्या घरी पोचली आणि तिच्या पाठोपाठ नंदीशअप्पा पोचले.

कपाळभर भस्म, हातात मोरपिसांचा झुबका, सदऱ्याच्या खिशात दोन मोबाईल. "म्या काय करत न्हाय," ते दर दोन वाक्यांनी सांगायचे. "माझ्या तोंडातनं कोन बोलतं ते मलाबी ठावं न्हाय." मधेच फोन वाजला की मात्र "हां, अप्पा बोलतोय" हे कोण बोलतंय ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

"ह्यो नारळ कुणाचा?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"आमच्याच घरचा की," आज्जी म्हणाल्या.

"म्या आनला?"

"न्हाय अप्पा."

"मग ह्यात केस कुटनं आलं?"

नारळ आज्जींच्याच देव्हाऱ्यातला होता. अप्पांनी तो फक्त घोंगडीखाली घेऊन मंतरला होता, तेवढंच.

"हडळ हाय. पोरीच्या टाळूत बसलीय, केस खाती. शुक्रवारी दुपारी बाराला सळई लाल करायची आन् टाळूवर एक डाग. एकच! ठो करून पळंल." मग करवंट्या काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी दाराच्या चौकटीला बांधायला लावल्या. बाकीच्या भुतांना धाक म्हणून.

सुकन्या दारात उभी होती, डोक्यावरून ओढणी गच्च ओढून. गर्दीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन हात धुताना दिसलं, माझ्या बाहीला कुंकू लागलं होतं आणि त्यात नारळातला एक केस चिकटला होता. फेकून देणार होते. पण सुकन्याची इतिहासाची वही माझ्याकडेच होती आणि तिच्या पानांतही तीनचार केस होते. सकाळी ते सगळे कागदात घेऊन मी विज्ञानाच्या निवेदिता बाईंकडे गेले. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, धूळ पुसली आणि म्हणाल्या, "तू बघ. मला सांगू नकोस काय दिसायला हवं, जे दिसतंय ते सांग."

नारळातला केस दोन्ही टोकांना सरळ कापलेला होता. कात्रीनं कापतात तसा. वहीतले केस मात्र वेगळे. त्यांच्या एका टोकाला पांढरी बारीक गाठ होती.

"ते मूळ," बाई म्हणाल्या. "केस ओढून काढला की असा मुळासकट येतो बऱ्याचदा."

"म्हणजे नारळातले केस सुकन्याचे गळलेले नाहीतच, कुणीतरी कापून घातलेत! आणि वहीतले..." मला एकदम आठवलं. गणिताच्या चाचणीला डाव्या हातानं ओढणीच्या आत काहीतरी करणारी सुकन्या. मला वाटायचं खाजवतेय.

"बाई, ती स्वतःच उपटते! आत्ता जाऊन सगळ्यांना सांगू या. मग डाग कशाला देतील?"

"डाग वाचेलही कदाचित. मग तिचे हात बांधून ठेवतील. नाहीतर सोंग करते म्हणून मारतील." बाई खाली बसल्या. "हा आजार आहे, चेतना. मनावर ताण येतो, तो सोसवत नाही आणि असा कुठूनतरी बाहेर पडतो. एखादा मुलगा वर्गात आदळआपट करतो, त्याला आपण दांडगट म्हणतो. एखादी गप्प गप्प होते, तिला आपण शहाणी म्हणतो. दोघांनाही विचारत कुणीच नाही. नारळातली फसवणूक आपण चारचौघांत सांगू. पण सुकन्याचं दुखणं सुकन्यानं सांगायचं. आपण नाही."

बाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आल्या. काकांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. "बाई, तुमी शाळेचं बगा. माझी लेक मरायला टेकलीया." सुकन्याला भेटूही दिलं नाही.

शुक्रवारी पावणेबाराला आम्ही पोचलो तेव्हा शेणींचा विस्तव फुलला होता. सळईचं टोक त्यात होतं. आधी काळं दिसत होतं, मग विटकरी दिसायला लागलं. सुकन्याला पाटावर बसवून दोन काकवांनी तिचे खांदे दाबून धरले होते. ओढणी काढलेली. ते चट्टे मी पहिल्यांदाच इतके उघडे पाहिले. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोलिसांना कळवलंय. निघालेत. तोवर सळई उचलू द्यायची नाही."

मग मोठ्यांदा म्हणाल्या, "मल्लिकार्जुन, मीपण एक नारळ आणलाय. आज्जींनी फोडावा."

"बाई, ही शाळा न्हाय!" अप्पा गुरकावले.

"म्हणून तर इथं आले. तुम्ही शाळेत आला असतात तर तिथंच शिकवलं असतं."

मागे दोघंतिघं फिसकन हसले. आज्जींनी बिचकत नारळ दगडावर आपटला. आतून पांढरेकाळे आखूड केस निघाले, हळदीत माखलेले.

"माझे आहेत. सकाळी कात्रीनं कापलेत," बाई म्हणाल्या. "आता मलाही डाग देणार का?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मी धावत जाऊन चौकटीवरची करवंटी खाली ओढली. एवढ्या माणसांसमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, पण आवाज खणखणीत निघाला. "काका, नारळाला तीन डोळे असतात. दोन टणक, एक मऊ. मऊ डोळा कसा बुजवलाय बघा!" कंपासचं टोक खुपसलं तशी मेणाची काळी गोळी टपकन पडली. "इथून दाभणानं भोक पाडायचं, पाणी काढायचं, केस कोंबायचे. वर मेण, त्याच्यावर शेंडी. असा नारळ अप्पांच्या घोंगडीखाली आधीच होता. तोच तुमच्या हातात आला!"

"मग आमचा देव्हाऱ्यातला कुटं गेला?" आज्जींनी विचारलं.

"चटणी झाली आसंल की त्याची!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मला वाटलं, जिंकलो. पण अप्पा हलले नाहीत.

"बरं. नारळ ऱ्हाऊ दे. पोरीचं टक्कल खोटं हाय का? ते केस कोन नेतं? सांग की. लई शानी हायेस न्हवं?"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. सळई आता लालबुंद झाली होती. सुकन्या माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. "भानामती" म्हणताना मिटलं नव्हतं ते, आज मिटलं.

"बगा! उत्तर न्हाय!" अप्पांनी फडकं गुंडाळून सळई उचलली. बाई मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"म्या उपटते."

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. सुकन्या पुन्हा बोलली. "केस म्याच उपटते. ताई नववीत नापास झाली तर तिचं लगीन लावलं. आबा म्हनाले, तू दहावीत पडलीस तर तुजंबी. तवापास्नं पुस्तक उगडलं की पोटात गोळा येतो आन् हात डोक्यात जातो. केस निघाला की जरा बरं वाटतं. मग लई लाज वाटती. मग परत हात जातो."

काकवांचे हात सैल पडले. अप्पा मात्र गरजले, "ऐकलंसा? ही पोरगी न्हाय बोलत, हडळ बोलती! धरा घट्ट!"

काकवांनी तिला खाली दाबलं. त्या क्षणाइतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. खरं बोलली तरी हडळच म्हणणार, मग तिनं करायचं तरी काय?

"सोडा तिला."

मल्लिकार्जुन काका, तिचे आबा. इतका वेळ मेंढरांच्या वाड्याला टेकून ते उभे होते. पुढे आले, अप्पांच्या हातातून सळई घेतली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्रर्र झालं.

"शंभर मेंढरांत कुटलं कोकरू वरडतंय ते म्या डोळं मिटून सांगतो," ते म्हणाले. "ह्यो माज्या लेकीचा आवाज हाय. दुसऱ्या कुणाचा न्हाय." मग ते पाटासमोर उकिडवे बसले. "झडीच्या दिसांत मेंढरं लई कोंडली की आपलीच लोकर तोडत्यात. मी डाग देतो का त्यास्नी? फाटक उगडतो. मेंढरांचं कळलं गं मला. तुजं न्हाय कळलं."

सुकन्या मग जी रडायला लागली, ती थांबेचना. आज्जींनी आपला पदर तिच्या डोक्यावर घातला.

अप्पा मोरपिसं गोळा करून निघाले, तेवढ्यात वेशीकडून पोलिसांची गाडी आली. "अप्पा, आता तोंडातनं कोन बोलनार?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. कुणीच बोललं नाही. बाईंनी तक्रार लिहून दिली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे निम्म्या गावाला त्या दिवशी कळलं.

आता दर पंधरा दिवसांनी काका तिला सोलापूरला सरकारी दवाखान्यात घेऊन जातात. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर तिच्याशी बोलतात, हात डोक्याकडे निघाला की त्याला दुसरं काय काम द्यायचं ते शिकवतात. त्यांनी काकांनाही समोर बसवून लग्नाचा विषय बंद करायला लावला. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात सुकन्यानं परत केस उपटले. डॉक्टर म्हणाल्या, असं मागंपुढं होणारच, घाबरू नका. चमत्कारात सगळं एका दिवसात बरं होतं, इलाजाला वेळ लागतो. हे सगळं तिला विचारून लिहिलंय. तिनं वाचून दोन वाक्यं खोडली, ती मी परत घातली नाहीत.

नारळाचा उलगडा दोन मिनिटांत झाला. ते काही फार अवघड नव्हतं. अवघड ते दुसरंच होतं आणि ते मी केलं नाही. तीन महिने एका बाकावर बसून मी तिला एकदाही विचारलं नाही, "सुकन्या, तुला काय होतंय?" म्हणून सांगते. तुमच्या वर्गात कुणी केस उपटत असेल, स्वतःला ओरबाडत असेल, कारण नसताना भांडत असेल किंवा बोलायचंच बंद झालं असेल, तर त्याच्यावर कुणी काय केलंय ते शोधत बसू नका. त्याच्या जवळ बसा. विचारा. ऐकून घ्या, आणि बाईंना सांगा, डॉक्टरांकडे न्या.

विस्तव पेटवायच्या आधी.