भट्टीवरचा राटवेलर

कोबीच्या वाफ्यात सकाळपासून ती एकटीच खुरपत होती. वारा असा सुटला होता की तोंड उघडावं तर दातांत माती कचकचायची. वरची माती भुसभुशीत, पण खाली नुसता दगड. खुरपं मारलं की टण्‌कन आवाज यायचा आणि मनगटातून निघालेली कळ थेट खांद्यात जाऊन बसायची.

बांधापलीकडच्या शेतात बायका ओळीनं खुरपायला बसल्या होत्या. मधेच त्यांची मुकादमीण काहीतरी बोलायची आणि सगळ्यांचा हशा वाऱ्याबरोबर इकडं यायचा. ही मान वर करून बघायची. काय झालं असेल म्हणून आपणही उगाच जराशी हसायची, आणि पुन्हा तणाला लागायची.

तिच्या शेतात खुरपायला कुणी बाई यायची नाही. कितीही बोलवा, कितीही गळ घाला, ‘नको गं बाई, आमची लेकरं लहान आहेत’ म्हणून सगळ्या हात जोडायच्या. कारण पाटाच्या कडेला झाडाखाली झोपलं होतं, चारी पाय वर करून.

काळंभोर, रुंद छातीचं, डोकं घमेल्याएवढं. डोळ्यांच्या वर दोन पिवळे ठिपके, पायांत पिवळे मोजे घातल्यासारखा रंग. नवऱ्यानं त्याचं नाव ठेवलं होतं जल्लाद. गावात सांगितलं होतं, अस्सल राटवेलर आहे, लांबून मागवलाय, मालकाशिवाय कुणाचं ऐकत नाही, एकदा जबडा बसला की पहारीनं उचकटावा लागतो.

जल्लाद कोंबड्यांना भ्यायचा. त्याच्या ताटलीत कोंबडी चोच घालायला आली की हा बाजूला सरकून बसायचा आणि तिचं पोट भरेपर्यंत थांबायचा. नवरा घरात नसला की ही त्याला ठोंब्या म्हणायची. अंगणात शिरलेला पहिला पाहुणा या ठोंब्यानं चाटून चाटून पातळ केला असता. पण पाहुणा येणार कसा? फाटकावर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर लाल रंगात दात काढलेलं कुत्र्याचं तोंड होतं. ते तोंड बघून टपालवालासुद्धा पत्र बांधावरून फेकायचा.

आता, नवऱ्यानं हे का केलं, तेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. अंगानं लहान, आवाजानं त्याहून लहान. गाव त्याला पोरवयापासून चिमण्या म्हणायचं. लग्नातही चिमण्याचं लग्न, बापाच्या मयतीलाही चिमण्याचा बाप. घर गावाबाहेर, शेतातच. विहिरीवरच्या पंपाची वायर दर हंगामात चोरीला जायची. काकड्या रातोरात नाहीशा व्हायच्या, आणि सकाळी कट्ट्यावरची माणसं याच्याच समोर काकडी खात विचारायची, “काय चिमण्या, औंदा काकडी लागली नाही का रे?”

मग एक दिवस वीटभट्टीवरच्या गावठी कुत्रीचं एक पिल्लू त्यानं पोत्यात घालून आणलं. पिल्लू वाढलं आणि वाढता वाढता भलतंच दिसायला लागलं. खतं विकणारा एक माणूस फाटकाशी थबकला आणि म्हणाला, “बाप रे, राटवेलर पाळलाय होय?” नवरा नुसता “हं” म्हणाला. त्या ‘हं’वर पुढं सगळा इमला उभा राहिला. वायर जायची थांबली. काकडी वेलावरच राहायला लागली. आणि कट्ट्यावर माणसं सरकून जागा देत म्हणायला लागली, “या दादा, बसा.”

दादा व्हायला त्याला अख्खं आयुष्य लागलं होतं. ते तिला कळत होतं, म्हणून ती गप्प होती. गप्प राहता राहता तिच्याकडं येणारी सगळी पावलं थांबली. बहीण फाटकापर्यंत येऊन परत गेली. जावेनं बोलावणं सोडलं. दिवसभर बोलायला एक ठोंब्या, आणि तो काय बोलणार!

त्या दिवशी नवरा बाजारातून लवकर आला. सायकल भिंतीला टेकवली आणि पाणीही न मागता उंबऱ्यावर बसला.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“बाजारगावात राटवेलरनं एका म्हाताऱ्याला फाडला. जगतोय का मरतोय सांगता येत नाही. वरून हुकूम आलाय. त्या जातीची सगळी कुत्री उचलायची. उद्या जनावरांचा डॉक्टर येणार, कचेरीसमोर. गाडी घेऊनच.”

“मग येऊ दे की. आपला कुठं राटवेलर आहे?”

नवऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली.

“अहो, मी काय म्हणते? सांगायचं, भट्टीवरचा आहे म्हणून. झालं.”

“सगळ्या गावासमोर?”

“मग काय फक्त डॉक्टरच्या कानात सांगणार?”

“तुला कळत नाही,” तो पायाखालची माती उकरत म्हणाला. “आज सांगितलं की उद्या वायर गेलीच म्हणून समज. कोबी वाळून जाईल. आणि ते जे हसतील ना... तू नाही ऐकलेलं ते हसणं. मी ऐकलंय.”

“म्हणजे देणार तुम्ही त्याला?”

“दुसरा आणू.”

“नेऊन काय करतात त्यांचं?”

“मला काय माहीत,” तो म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं. त्यावरून तिला कळलं की त्याला माहीत आहे.

ठोंब्या दोघांच्या मधे येऊन बसला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर त्यानं आपलं ते घमेल्याएवढं डोकं ठेवलं. नवऱ्यानं गुडघा काढून घेतला नाही. पण हातही ठेवला नाही.

सकाळी तो साखळी बांधून कुत्र्याला घेऊन गेला. तिला म्हणाला, “तू घरी थांब.” ती थांबली. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. परातीत हात घातला तर पीठ कोरडंच, पाणी ओतायचं राहिलंय हेही ध्यानात नाही. मग तिनं हात झटकले, पदर खोचला आणि फाटक सताड उघडं टाकून वाट धरली.

कचेरीसमोर ही गर्दी. पण गर्दी कशी, तर भिंतीला पाठ लावून, ओट्यांवर चढून, मधे रिकामी जागा सोडून. रिकाम्या जागेत नवरा, साखळी, कुत्रा आणि जनावरांचा डॉक्टर. बाजूला जाळीची गाडी. डॉक्टर पोक्त, उन्हानं रापलेला, आदल्या दिवशीही असलीच कामं करून थकल्यासारखा. त्यानं कुत्र्याचे ओठ वर करून दात बघितले, कान बघितले, छातीवरून हात फिरवला. ठोंब्या त्याच्या बुटावर बसला.

“दिसायला तर तंतोतंत आहे,” डॉक्टर म्हणाला. “रंग, ठिपके, डोकं, सगळं. फक्त शेपटी आणि कान जरा वेगळे वाटतात. पण स्वभाव कसा काय असा?”

“तो दिवसा असाच असतो,” पिठाच्या गिरणीवाला ओट्यावरून म्हणाला. “माझ्या मागं लागला होता एकदा. मी सायकल टाकून पळालो, म्हणून वाचलो.”

“माझी म्हैस पुरे दोन दिवस थरथरत होती त्याला बघून,” न्हावी म्हणाला.

“मी तर डोळ्यांनी बघितलाय त्याला कोल्हा फाडताना,” सुतार म्हणाला.

ही ऐकतच राहिली. ठोंब्या आजवर शेताच्या बाहेर कधी पडलेलाच नव्हता.

“काही फाडलं नाही त्यानं!” ती गर्दीतून पुढं येत म्हणाली. “डॉक्टरसाहेब, हा राटवेलर नाही. वीटभट्टीवरच्या कुत्रीचं पिल्लू आहे. ह्यांनीच पोत्यात घालून आणलं. कोंबड्यांना भितो तो!”

हशा पिकला. गिरणीवाला म्हणाला, “वहिनी, कुत्रं वाचवायला बरं सुचलं हो!”

डॉक्टर मात्र हसला नाही. “हे बघा बाई, मला स्वभाव बघायला पाठवलेलं नाही. जात बघायला पाठवलंय. दिसण्यावरून धरला तर हा त्याच जातीचा ठरतो. पण कधी कधी गावठीही असा निपजतो, रंगरूप नेमकं तेच आणि आत भलताच. म्हणून मालकाला विचारायचं. मालकानं चारचौघांत सांगितलं, आई गावठी होती, तर मी सोडून जातो.” तो नवऱ्याकडं वळला. “बोला. कुठून आणला?”

सगळं गाव नवऱ्याकडं बघायला लागलं. त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि भुवईत अडकला. ओठ हलले. कट्ट्यावरचे सगळे तिथंच होते, ज्यांनी जागा दिली तेही, ज्यांनी काकड्या खाल्ल्या तेही. खरं तर ते एकच होते.

“उन्हानं तिचं डोकं फिरलंय,” नवरा म्हणाला. “राटवेलर आहे. अस्सल.”

डॉक्टरनं सुस्कारा टाकला आणि साखळी हातात घेतली. ठोंब्याला वाटलं फिरायला निघालो. गाडीचं दार उघडताच त्यानं आपणहून आत उडी मारली, जाळीला नाक लावलं आणि शेपटी हलवत बसला. जन्मात पहिल्यांदा गाडीत बसला होता तो.

ती नवऱ्याकडं बघत राहिली. तो जमिनीकडं बघत होता. मग तिनं एक हात गाडीच्या कठड्यावर ठेवला, एक पाय वर टाकला आणि ती पिंजऱ्यात चढली. कुत्र्याच्या शेजारी मांडी घातली आणि आतून दार ओढून घेतलं.

“अहो बाई, काय करताय?” डॉक्टर म्हणाला.

“चला. न्या आम्हाला.”

“उतर खाली,” नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. “लोकं बघतायत.”

“बघू देत. इतके दिवस मीच लोकांना बघत होते, बांधावरून. बाई म्हणून घरात पाऊल टाकत नाही माझ्या. बहीण फाटकातून माघारी गेली. मी कधी बोलले तुम्हाला? एक हा होता बोलायला. आता याला नेणार आणि तुम्ही म्हणताय दुसरा आणू. मग तुम्हाला बायकोही दुसरीच आणावी लागेल.”

आधी लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले, कारण ती उतरत नव्हती. ऊन पत्र्यावर तापत होतं. डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभा होता. ठोंब्यानं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला.

नवरा गाडीजवळ आला. जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. अगदी हळू म्हणाला, “उतर ना गं.”

“आधी सांगा.”

“भट्टीवरचा आहे,” तो पुटपुटला.

“मला ऐकू आलं,” डॉक्टर म्हणाला, “पण चारचौघांना ऐकू यायला पाहिजे. असंच आहे ते.”

नवरा वळला. डोळे मिटले. “भट्टीवरचा आहे! गावठी कुत्रीचा. पोत्यात घालून आणला. राटवेलर-बिटवेलर काही नाही. मी खोटं बोललो.”

मग मागून, ओट्याच्या पार कडेवरून, कुणीतरी चिवचिव आवाज काढला. आणि सगळं गाव खदखदून हसलं. ज्यानं कोल्हा फाडताना बघितला होता तो सगळ्यांत जास्त हसला.

घरी येताना नवरा पुढं, ती मागं, कुत्रा मधे. तो बोलला नाही. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ‘मीठ’ म्हणाला असता तरी तिला बरं वाटलं असतं. घर तेच, फाटकही उघडंच, पण त्या दोन खोल्यांत आता श्वास घ्यायला आधीपेक्षाही कमी जागा उरली होती. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा, ती चुलीकडं तोंड करून बसायची. आपण बरोबर केलं का, हे विचारायलाही कुणी नव्हतं. ठोंब्याला विचारलं तर त्यानं कान खाजवला.

आठवडाही उलटला नाही आणि पंपाची वायर गेली.

नवरा विहिरीवर उभा राहिला, कापलेलं टोक हातात घेऊन. ती बोलणी ऐकायच्या तयारीनं जवळ गेली. त्यानं टोक खाली टाकलं, गोठ्यातून जुना दोर आणि बादली आणली, आणि पाणी शेंदायला लागला. कोबी माना टाकून पडली होती. दुपारपर्यंत पाणी नाही मिळालं तर गेली. तिनंही दोराला हात लावला. बादली वर आली की ती न्यायची, वाफ्यात ओतायची आणि परत यायची. तळहात सोलून निघाले. ऊन चढत गेलं. पाणी मातीत पडायचं आणि पडल्यासरशी नाहीसं व्हायचं, जणू कुणी खालून पीत होतं.

“जरा सैल सोड,” नवरा म्हणाला. एवढंच. पण तिनं ते ऐकलं आणि दोर सैल सोडला.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली. मुकादमीण होती. कमरेला खुरपं, डोक्यावर फडकं. पहिल्यांदाच एवढ्या जवळ आली होती, पण एक पाय आत, एक पाय बाहेर.

“वायर गेली म्हणे तुमची! बायका म्हणाल्या, चला, हातानं का होईना, चार वाफे भिजवू. पण ते जनावर आधी बांधा, दादा. गावात झालं ते ऐकलं मी, पण आपला काही विश्वास नाही. दिसतोय तर तसाच!”

ठोंब्या उठला होता. तोंड उघडं, सगळे दात दिसतायत, छाती पुढं. पाहुणा आला म्हणून अंग घुसळत फाटकाकडं निघाला होता. मुकादमिणीची पाचावर धारण बसली.

हिनं दोर धरूनच नवऱ्याकडं बघितलं. आपण काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं.

नवऱ्यानं बादली विहिरीच्या काठावर टेकवली आणि कपाळावरचा घाम दंडाला पुसला.

“या मावशी, काही करत नाही तो,” तो ओरडून म्हणाला. वाऱ्यातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “भट्टीवरचा आहे. फक्त चाटेल, तेवढं सोसा.”

आणि पुन्हा दोराला लागला.