मे महिन्यातला हीटर

चावी काढून खिशात टाकली तरी गाडीच्या हीटरचा पंखा घूं घूं करत फिरतच होता. बटण शून्यावर होतं. निवृत्त झाल्यावरही रोज कचेरीत येऊन बसणारे काही साहेब मी पाहिले आहेत. त्यांची आठवण झाली.

पंखा रात्रभर फिरायचा आणि सकाळी बॅटरी उतरलेली असायची. कसबा बावड्यातली आमची गल्ली रोज गाडीला धक्का देऊन मला कॉलेजला पाठवू लागली. शेवटी माझ्या बायकोनं, पवित्रानं, निकाल दिला. रविवारी मुरगूडचं गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. तोवर पंखा गप्प बसला नाही, तर गाडी त्यांच्याबरोबर जाईल. घरात माझ्या हातानं वळणारी ती एकच वस्तू होती.

गॅरेजवाल्यानं रोज गाडीतून उतरताना बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगितलं होतं. हा इलाज नव्हता, जन्मठेप होती.

रविवारी सकाळी शेजारचा वृषभ आला. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि आवाज दुकानाबाहेरही ऐकू जातो. बॉनेट उघडून त्यानं एक काळी डबी उपसली. पंखा थांबला. ही डबी म्हणजे रिले, पंख्याची वीज जोडणारी आणि तोडणारी. पण दोष डबीचा की तिला हुकूम देणाऱ्या बटणाचा? मला राहवेना. शेजारीच हॉर्नची हुबेहूब तशीच डबी होती. म्हटलं, अदलाबदल करून बघू.

केली. पंखा शहाण्यासारखा बटणाचं ऐकू लागला आणि हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. गल्लीत कुणी खिडकीतूनसुद्धा डोकावलं नाही. कोल्हापुरात हॉर्न थांबला तर लोक चौकशीला येतात.

वृषभनं डबी काढून फोडली. आतले दोन पत्रे जळून एकमेकांना चिकटले होते.

"लई वेळ फुल पंखा चालवलासा व्हय?"

मी नाही म्हणालो. हीटर तर मी जन्मात लावलेला नव्हता. मग माझं लक्ष गार-गरम हवेच्या दुसऱ्या बटणाकडे गेलं. ते लाल खुणेच्या पार टोकाला होतं. मे महिन्यात गाडीत गरम हवा आली, तर माणूस मे महिन्याला नावं ठेवतो, बटणाकडे बघत नाही.

पण ते तिथं नेलं कुणी?

वृषभनं हवेच्या जाळीला नाक लावलं आणि तो सलग शिंकत सुटला. मीही आठवडाभर गाडीत शिंकत होतो. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी ठरवली होती. पायाखालचं मॅट उचललं. खाली मिरचीचे देठ आणि चिमूटभर बिया होत्या.

गेल्या आठवड्यात सासूबाई शांतव्वा वर्षाची चटणी करायला नेसरीहून आल्या होत्या आणि अजून मुक्कामाला होत्या. संकेश्वरी मिरची गच्चीवर पसरली आणि त्याच दुपारी वळीव कोसळला. तरी दुसऱ्या दिवशी मिरची पापडासारखी कडक होती. कशी, असं मला एकदाही वाटलं नाही.

मी बिया तळहातावर घेऊन दारात गेलो. पवित्रानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मागं वळून आईकडे. शांतव्वांनी चष्मा पुसला.

"भिजलेल्या मिरच्या काय टाकून द्यायच्या? पवित्रानं गाडी चालू करून दिली, मी सीटवर पसरल्या. दुपारभर हीटर लावला. चटणी औंदा झक्कास झालीया, तुम्हीच म्हणालासा की."

मी म्हणालो होतो. दोन भाकऱ्या जास्त खाऊन म्हणालो होतो.

तेवढ्यात मुरगूडचे पाहुणे आले. पवित्रानं त्यांना बसवलं, चहा दिला, घरच्या मंडळींची विचारपूस केली. पाहुण्यांनी गाडीचा विषय काढला.

"गाडी द्यायची न्हाई, पावणं," ती म्हणाली.

का, असं त्यांनी विचारलं. बिघाड आहे का, असंही विचारलं. पवित्रा म्हणाली की गाडीत काही बिघाड नाही, आणि ती स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

दुपारी वृषभनं दुकानातून नवा रिले आणून बसवला. तो निघाला तेव्हा पवित्रानं त्याला फाटकाशी गाठून हळूच आणखी एक आणून ठेवायला सांगितलं. दुपारभर टिकणारा.