कोरड्या हौदातली मोटार

मी एक जुनी मोटार आहे. पण मित्रांनो, माझ्यात आजवर कुणी बसलेलं नाही, कारण माझी लांबी जेमतेम तुमच्या वितीएवढी. रुंद टायर, दोन दारं आणि लांब नाकाखाली भलंथोरलं इंजिन, असा माझा थाट. तिकडे अमेरिकेत अशा गाडीला मसल कार म्हणतात. आपण तिला पैलवान मोटार म्हणू.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. वितळलेलं लाल प्लास्टिक लोखंडी साच्यात दाबलं आणि मी बाहेर पडले, पण मोटार म्हणून नव्हे. माझं दार एका चौकटीला चिकटलेलं, बंपर दुसरीला, स्टिअरिंग तिसरीला. कुणीतरी मला सोडवावं, जोडावं, तेव्हा कुठे मी मोटार होणार. मग खोक्याचं झाकण लागलं. झाकणावर मी धूर उडवत सुसाट धावत होते आणि आत हातपाय बांधल्यासारखी पडून होते.

दत्तोपंतांच्या मुलाने मला भारतात आणलं. दत्तोपंत म्हणजे नकाशे काढणारे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते उस्मानाबादहून बदलून आले आणि इथेच घर बांधून राहिले. नव्या जिल्ह्याची हद्द त्यांनी शाईने एका दमात ओढली होती, असं घरात कौतुकाने सांगत. त्यांना मोटारींचा भारी नाद. स्वतःची सायकलसुद्धा धड नव्हती, पण रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर मोटारी काढत बसायचे. मुलगा नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजात शिकवत होता. तो शिक्षणासाठी परदेशी जाऊन आला आणि येताना त्याने वडिलांसाठी मला आणलं. दत्तोपंतांनी खोकं छातीशी धरलं आणि जाहीर केलं की, नात विनीता सुट्टीत आली की दोघं मिळून ही मोटार जोडू. तोवर कुणी हात लावायचा नाही.

झालं. दत्तोपंतांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी मला बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवलं आणि काच सरकवून कुलूप लावलं. येणारे-जाणारे मान वाकडी करून बघत आणि म्हणत, "परदेशातली दिसते!" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी माझी किंमत वाढत होती. मला मात्र आत गुदमरायला होत होतं.

सुट्टी आली, पण विनीता आली नाही. त्या साली पाऊस रुसला होता. नळ आठवड्याने येई, कधी पंधरवड्याने, तोही नेम नसलेला. सौदामिनीबाईंनी घरातले डबे, पातेली, एवढंच काय, पुरणाचं पातेलंही भरून ठेवलं होतं. पाहुण्याला आंघोळीला तांब्याभर पाणी देऊन वर 'जपून' म्हणायचं, याची त्यांना भयंकर लाज वाटे. त्यांनी मुलाला कळवलं, पाण्याचे हाल आहेत, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षीही तेच. तुम्ही म्हणाल, मग आजोबांनीच नांदेडला का जाऊ नये? पण घर सोडून गेलं आणि नेमका नळ आला तर? अशी ती दोघं घरात आणि मी शोकेसमध्ये.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट काचेतून पाहिली. दत्तोपंत चहा पीत होते आणि कप बशीवर खडखड वाजत होता. त्यांनी कप खाली ठेवला, उजवा हात डाव्या हाताने धरला आणि माझ्याकडे बघितलं. हद्दीची रेघ ओढणारा तो हात आता थरथरत होता, आणि दिवसेंदिवस जास्तच. आणखी एक उन्हाळा गेला असता तर त्यांना नातीशेजारी बसून चिमटीत साधा तुकडा धरणंही जमलं नसतं. त्या दिवशी मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

दुपारच्या उन्हात ते पोस्टात गेले आणि मुलाला ट्रंककॉल लावून, विनीताला पाठव म्हणून सांगून आले. सौदामिनीबाईंनी कपाळाला हात लावला. पाणी कुठून आणायचं, त्यांनी विचारलं.

दत्तोपंत म्हणाले, "मी आंघोळ करत नाही आठ दिवस. पोरीला येऊ द्या."

विनीता एसटीने आली, अहमदपूरला खाल्लेल्या भज्यांचं वर्णन करतच. विष्णुपुरीत धरणाजवळ वाढलेली ती पोर, आल्या आल्या नळ सोडून हात धुवायला गेली. नळातून नुसती हवा फुसफुसली. तिला ती गंमत वाटली.

मग शोकेसचं कुलूप निघालं. आजोबा कागद वाचून सांगत आणि विनीताची बोटं काम करत. एकेक तुकडा चौकटीतून सुटताना 'टक्' असा आवाज होई. मित्रांनो, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. शेवटी माझ्या अंगावर चिकटवायचे पांढरे पट्टे उरले. ते वाटीभर पाण्यात भिजवल्याशिवाय कागदावरून सुटत नाहीत. सगळे सौदामिनीबाईंकडे बघू लागले. त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं. पट्टे जरा वाकडेच बसले. दत्तोपंत म्हणाले, आपल्या जिल्ह्याची हद्दही काही सरळ नाही.

आता धावायचं कुठे? अंगणात जमिनीखाली पिण्याच्या पाण्याचा हौद होता, पुरुषभर खोल आणि खडखडीत कोरडा. त्याचा तळ गुळगुळीत सिमेंटचा. विनीता शिडीने आत उतरली आणि तिने मला सोडलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी धावले! वर तोंडाशी बसून आजोबा इंजिनाचा आवाज काढत होते. इतकं हसताना त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं.

इतक्यात शेजारच्या शरणम्माने हाक दिली, "माय, नळ आलाय बगा!" एकच धांदल उडाली. सौदामिनीबाईंनी विनीताला दंडाला धरून वर ओढलं, शिडी काढली, आणि नळीतून धार हौदात पडू लागली. विनीताला माझी आठवण झाली तेव्हा मी पाण्याखाली गेले होते. नळ बंद करा, ती रडत म्हणाली. पण लातुरात आलेला नळ कोण बंद करील? आणि पिण्याच्या पाण्यात पाय घालायचे नाहीत, हा तर घरचा कडक नेम. पाणी थांबल्यावर दत्तोपंतांनी विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ सोडला. तो थरथरत माझ्याजवळ यायचा आणि टपावरून घसरून जायचा. विनीतानेही करून पाहिलं. नाहीच जमलं.

निघताना ती हौदाच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "आजी, हौद आटला की कळव. मी येईन."

सौदामिनीबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "आटायची वाट कशाला बघून राहिलीस? भरलेला असू दे, नसू दे, तू येत जा."

तेव्हापासून मी इथेच तळाशी आहे. रोज सकाळी झाकण उघडतं, बादली उतरते आणि पाणी थोडं खाली जातं. पाणी संपलं की मी सुटणार, हे मला कळतं. तरी बादली वर जाताना मी मनात म्हणते, जपून! मित्रांनो, पाणी बेताने वापरा, आणि आपल्या माणसांना पुढच्या वर्षावर टाकू नका. माझी काळजी करू नका. मला सोडवण्यासाठी कुणाचा हौद आटावा, असं मला मुळीच वाटत नाही.