पाच पैशांची रमी

हरायला माझी ना नव्हती. रोज हरायला होती.

शहाण्णव साली आम्ही इंदापूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा नवरा संघपाल तहसील कचेरीत कारकून. सकाळी जो जाई तो दिवेलागणीलाच उगवे. मूलबाळ अजून नव्हतं, माझी सगळी माणसं बारामतीला राहिली होती आणि दुपार काही केल्या सरत नसे. म्हणून जेवण आटोपलं की मी शेजारच्या लीलाबाईंच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसे. त्यांचे यजमान कचेरीची जीप चालवत. तिसरी विजयमाला, बावड्याची, माझ्याच वयाची आणि तोंडानं फटकळ. आम्हा तिघींची तेरा पानांची रमी चाले, पॉइंटाला पाच पैसे.

माझा एक नियम होता. साड्यांना फॉल लावून जे पैसे मिळत त्यातले तीस रुपये एक तारखेला पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. खेळायचं ते त्यातूनच. डबा रिकामा झाला की पुढच्या एक तारखेपर्यंत उठायचं. घरखर्चाला हात नाही आणि उधारी तर नाहीच. हा नियम मी दोघींना पहिल्याच दिवशी ऐकवला होता, जरा तोऱ्यातच.

एप्रिल लागला आणि मला पानं लागेनाशी झाली. एखाददुसरा दिवस असं होतंच, पण हे थांबेचना. घरी आल्यावरही हात स्वस्थ बसेनात. फॉल टाचताना बदामची राणी डोळ्यांपुढे यायची. एका हिरव्या साडीला मी भलत्याच रंगाचा दोरा घालून बसले आणि सगळा उसवावा लागला. रात्री कूस बदलत राहिले तर संघपालनं विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” बरी आहे म्हटलं. रमीत हरतेय म्हणून झोप लागत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

मी सतरंजीवरची जागा बदलून पाहिली. भिंतीला टेकून बसले, दाराकडे तोंड करून बसले. लीलाबाई हसल्या. “पोरी, पानं काय जागा बघून येत्यात व्हय?”

खरी चूक वेगळीच होती आणि ती मला कळत होती, हेच जास्त चीड आणणारं. पानं वाईट आली की सुरुवातीलाच पॅक करायचं, म्हणजे पानं उपडी टाकून डाव सोडायचा. वीस पॉइंट, एक रुपया जातो आणि विषय संपतो. पण सारखं हरायला लागलं की ही अक्कल आधी पळते. आता तरी जोकर येईल म्हणून मी घाणेरड्या पानांवर बसून राहायची आणि शेवटी ऐंशी पॉइंट, चार रुपये घालवून उठायची. डबा पैसे सांभाळत होता, मला सांभाळत नव्हता.

महिना अर्धा व्हायच्या आत डब्यात पाच रुपये उरले. ते गेले की पंधरा दिवस त्या तापलेल्या पत्र्याखाली, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत एकटीनं बसायचं. नुसत्या विचारानं मला धडकी भरली.

आणि सोमवारी पानं फिरली. निदान मला तसं वाटलं. दोघी पटापट पॅक करू लागल्या आणि एकेक रुपया माझ्याकडे यायला लागला. बुधवारपर्यंत डब्यात सतरा रुपये झाले. मी गुणगुणत स्वयंपाक करतेय हे संघपालच्याही लक्षात आलं.

गुरुवारी लाइट गेले होते. घामाघूम होऊन खेळत होतो. विजयमालानं पानं उचलली, पाहिली न पाहिली, “पॅक” म्हणून उपडी ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात लाइट आले. वरचा पंखा जोरात फिरायला लागला आणि तिची पानं उडून सतरंजीभर उताणी पडली. इस्पिकची पाच, सहा, सात, आठ ओळीनं. वर दोन जोकर. असल्या पानांवर मी घर पेटलं असतं तरी उठले नसते.

ती बाहेर आली तशी मी विचारलं, “हे पॅक केलंस?”

ती पदरानं तोंड पुसत राहिली.

“सोमवारपासनं चाललंय,” लीलाबाई म्हणाल्या. “मीच सांगितलं तिला.”

माझ्या कानशिलांत जाळ उठला. “मी भीक मागितली होती का तुमच्याकडं? फुकटचं मी बापाच्या घरीसुद्धा घेतलं नाही.”

“भीक कसली गं? तुझा डबा रिकामा झाला की तू उठणार. मग आमी दोघींनी काय एकमेकींची तोंडं बघायची? दुपार तुलाच खायला उठती असं न्हाय. मलाबी उठती.”

“आन चांगली पानं टाकताना माझा जीव जातो, त्याचं काय?” विजयमाला म्हणाली. “चार दिस दातावर दात धरून बसले हाय मी.”

एरवी मला हसू फुटलं असतं. पण मी डबा उलटा केला, बारा रुपये मोजून त्यांच्यापुढे सरकवले आणि पाच आत टाकले. “आता खरं खेळा.”

पहिला डाव मी रागात खेळले आणि चार रुपये घालवले. दुसऱ्या डावाला पानं उचलली तर एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. जोकर नाही, काही नाही. डब्यात एक रुपया. लीलाबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “बस पोरी. कमी पडलं तर एक तारखंला बघू.” बसायचा मोह इतका झाला की पानं धरलेली बोटं दुखली. मग मी ती उपडी ठेवली. “पॅक,” म्हटलं, रुपया दिला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीतून मोरीत आणि मोरीतून खोलीत फिरत होते. दार वाजलं. दोघी उभ्या, लीलाबाईंच्या काखेत सतरंजी आणि विजयमालाच्या हातात पिशवीभर चिंचोके.

“पैसं न्हाईत, मग नियम कसला?” लीलाबाई म्हणाल्या.

मी दारातच उभी राहिले. “आणि पुन्हा चांगली पानं टाकलीत तर?”

“चिंचोक्यापायी कोण टाकतंय?” विजयमाला मला बाजूला सारून आत आली.

चिंचोके वाटून घेतले आणि खेळायला बसलो. वाईट पानं मी गुमान टाकत गेले. तिसऱ्या डावाला माझा सिक्वेन्स बसला, चौथ्याला जोकरच जोकर आले. मी शो केला तेव्हा विजयमालाच्या हातात सगळी चित्रं अडकलेली होती, पुरे ऐंशी. तिनं पानं सतरंजीवर आपटली. “ह्या बाईला आजच बरी पानं लागली,” म्हणाली आणि चहासुद्धा न पिता तरातरा निघून गेली.

तिचं ते खरोखर हरून फुगलेलं तोंड बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारपासून ते मला कुणी दाखवलंच नव्हतं.

“येईल ती उद्या,” लीलाबाई म्हणाल्या. “रडतीस कशाला?”

“कुठं रडतेय? पानं पिसा, लीलाबाई.”