बोटांचा रंग

"पप्पा, हात हलवू नका," म्हणत अंजलीने ज्ञानदेवचा डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि शेजारी ताटलीत रंग कालवायला घेतला. दिघीतल्या त्या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागे.

अंगठ्याशेजारची दोन बोटं दोन वर्षांपूर्वी पत्र्याच्या प्रेसखाली गेली होती. त्यांच्या जागी बसवायची सिलिकॉनची दोन बोटं वर्तमानपत्रावर आडवी पडली होती. साचा तिने त्याच्याच उजव्या हातावरून घेतला होता. नखं, पेरांवरच्या सुरकुत्या, सगळं हुबेहूब उतरलं होतं. फक्त रंग चढायचा राहिला होता.

रंगात अंजलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पिंपरी कॅम्पातल्या कापड दुकानांमधले मोडके पुतळे तिच्याकडे यायचे, कुणाचं बोट तुटलेलं, कुणाचं नाक. ती ते सांधून, रंगवून परत पाठवायची आणि सांधा कुठे होता हे दुकानदाराला चष्मा लावूनही सापडायचं नाही. त्याच कसबावर तिला मुंबईच्या कॉलेजात शिल्पकलेला प्रवेश मिळाला होता. टेबलाच्या खणात दुसरंही एक पत्र होतं. चाकणच्या कंपनीत, वायरिंगच्या लाइनवर ट्रेनी. दोन्हीकडे सोमवारीच हजर व्हायचं होतं.

आई, सरूबाई, निगडीत चार घरची कामं करायची. त्यावर घर चालत नव्हतं, नुसतं रेटलं जात होतं. बापलेकीपैकी एकाने कंपनीत जायलाच हवं होतं.

"उद्या ठेकेदाराच्या माणसानं हात पास केला की मी प्रेसवर," ज्ञानदेव म्हणाला. "मग तू बिनघोर मुंबईला जा."

"प्रेसवरच का पण? दुसरं काहीतरी बघा ना."

"वीस वर्षं तेच केलं. दुसरं मला येतं काय? आणि अधू हाताच्या माणसाला गेटवरसुद्धा कुणी उभं करत न्हाई." तो हसला. "हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात, ते हेच बघ."

ती हसली नाही. सिलिकॉनच्या बोटांना काही कळत नाही, ना चटका, ना पत्र्याची धार. असली बोटं चढवून हा माणूस दिवसातून हजारदा प्रेसमध्ये हात घालणार होता. त्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न तिलाच विचारला होता, "आज चित्रकलेचा क्लास बुडला का गं तुझा?" त्या प्रश्नाचा तिला अजून राग येई. रागापेक्षा भीती जास्त वाटे.

आणि तिला मुंबईला जायचं होतं. इतकं, की बॅग आठ दिवसांपासून भरून पलंगाखाली ठेवलेली होती.

तिने त्याच्या हातावर रंगाचा एक ठिपका लावला. ठिपका दिसेना. रंग जुळला होता.

अंजलीने पांढऱ्याची बाटली उघडली, ब्रशचं टोक बुडवलं आणि ताटलीत फिरवलं. जरासंच. ट्यूबखाली कळण्यासारखं नव्हतं. उन्हात कळणार होतं. तोच रंग तिने दोन्ही बोटांवर चढवला.

"झालं?" ज्ञानदेवने विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच परत आला. चपला काढल्या, खुर्चीवर बसला आणि दोन्ही बोटं उपसून टेबलावर ठेवली.

"गेटवर ऊन होतं," तो म्हणाला. "पंधरा-सोळा जण रांगेत. ठेकेदाराचा माणूस म्हणजे पोरगाच, त्यानं माझा हात धरला, वर केला, सगळ्यांना दाखवला. म्हणतो कसा, काका, ही दोन बोटं कुणाची उसनी आणली?"

अंजलीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हसले सगळे?"

"हसणारच की." तो घटाघटा पाणी प्यायला.

"पप्पा, रंग जरा उजळ झाला वाटतं. घाईत माझा..."

"अंजे." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुझा रंग चुकत न्हाई."

तिने मान खाली घातली. त्याच वर्तमानपत्रात त्याने बोटं गुंडाळली, वाकून पलंगाखालची बॅग ओढली आणि पुडी तिच्या कपड्यांवर ठेवून चेन लावली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी बॅग धरून चेन लावायला त्याला वेळ लागला. ती मदतीला उठली नाही.

"ही अशीच राहू दे भरलेली," तो म्हणाला आणि बॅग पुन्हा आत सारली.

सोमवारी सकाळी चाकणला कंपनीच्या गेटवर नव्या मुलींची रांग होती. तपासणीला एक बाई उभ्या होत्या. त्या मुलींच्या बांगड्या उतरवून घेत होत्या, नखं पाहत होत्या.

"दोन्ही हात पुढं कर."

अंजलीने दहाही बोटं पसरली. उजव्या हाताच्या नखांत रंग अडकला होता. गव्हाळ, जरा उजळ.

"हे काय गं?"

"रंग आहे."

"आत डाग चालत नाहीत. जाईल ना?"

अंजलीने बोटं मिटली.

"जाईल," ती म्हणाली.